किडनीच्या पेशंटसाठी व्हॅल्यू-बेस्ड केअर (म्हणजे पैसे रिझल्टवर): इन्शुरन्सवाल्यांनी सुरुवात कुठून करायची

अमेरिकेत जानेवारी 2021 पासून डायलिसिसवाले पेशंटही मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज (सरकारी मेडिकेअरचेच, पण खाजगी इन्शुरन्स कंपन्या चालवतात ते प्लॅन) घेऊ शकतात, म्हणजे हा खर्च आता प्लॅनच्याच अंगावर. पण डायलिसिसपासून सुरुवात करू नका, तोवर फार उशीर झालेला असतो. आधी लॅबचा डेटा काढा, नुसत्या क्लेम्सवर जाऊ नका, कारण कितीतरी जणांचा ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) 60 च्या खाली असतो आणि क्लेमच्या कोडिंगमध्ये, म्हणजे आजाराच्या नोंदीत, किडनीचं नावही नसतं. डायबेटिसवाल्यांची युरिन अल्ब्युमिन टेस्ट (लघवीतून प्रोटीन जातंय का ते बघणारी) राहूनच जाते, ती दरवर्षी कराच.

मग नेफ्रॉलॉजिस्टचे (किडनीच्या डॉक्टरचे) पैसे व्हिजिटवर नाही, रिझल्टवर बांधा. खरी मेख इथे आहे बघा, पेशंट इमर्जन्सीत येतो, मानेत कॅथेटर घालून डायलिसिस सुरू होतं, मग इन्फेक्शन, मग परत अ‍ॅडमिट. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केलेली वाट) तयार व्हायला 2-3 महिने लागतात, तो आधीच व्हायला हवा. ईजीएफआर 20 वर आला की ट्रान्सप्लांटचा वेटिंग टाइम मोजला जाऊ शकतो, तेव्हा रेफरल लांबवू नका.

आणि नर्सला सांगा, फोनवर पेशंटला घरातल्या सगळ्या गोळ्या समोर घेऊन बसायला लावा, गुडघ्यासाठी रोज चाललेली, किडनीला त्रास देणारी आयबुप्रोफेन तिथेच सापडते.