पोर्तुगीज पासपोर्टवर यूकेत आहात? प्री-सेटल्ड स्टेटस असं सांभाळा

माझा मावसभाऊ सुट्टीवरून परत स्विंडनला येताना दाबोळीच्या चेक-इनवर पाऊण तास अडकला. हातात नवाकोरा पोर्तुगीज पासपोर्ट, स्टेटसही आहे (ब्रेक्झिटनंतर यूकेत राहायला युरोपीय नागरिकांना दिलेली परवानगी, आधी तात्पुरती प्री-सेटल्ड, मग कायमची सेटल्ड), पण ते जोडलेलं जुन्या पासपोर्टला, त्यामुळे काउंटरवरच्या मुलीला स्क्रीनवर काहीच दिसेना. कार्ड नाही, स्टॅम्प नाही, सगळं ऑनलाइन, हीच ब्रेक्झिटनंतरची गंमत. घामाघूम होऊन फोनवर अकाउंट उघडून दाखवलं तेव्हा कुठे सुटला बिचारा.

तर पहिलं काम हेच: पासपोर्ट बदलला की त्याच दिवशी यूकेव्हीआय (यूकेचा व्हिसा-इमिग्रेशन विभाग) अकाउंटमध्ये नवीन नंबर टाका. पोर्तुगीज पासपोर्ट पाच वर्षांनी संपतो, म्हणजे ही वेळ प्रत्येकावर येणार. आणि लॉगिनचा कोड कुठल्या फोनवर किंवा ईमेलवर जातो ते आत्ताच बघा, कारण २०१९-२० मध्ये अनेकांनी एजंटकडून फॉर्म भरला आणि त्या महाभागाने स्वतःचाच ईमेल टाकून ठेवलाय (आणि अर्ज फुकट असताना वर पैसेही घेतलेत). नोकरी किंवा भाड्याच्या घरासाठी शेअर कोड (समोरच्याला तुमचं स्टेटस ऑनलाइन बघू देणारा कोड) लागतो, तो ९० दिवसच चालतो, मिळालेलं पत्र कोणी पुरावा म्हणून धरत नाही.

आता सेटल्ड कसं व्हायचं. आधी सलग पाच वर्षं लागायची, कुठल्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर बहुतेकदा गाडी अडायची, कोविडमध्ये गावी अडकलेल्यांनी तर याचं किती टेन्शन घेतलं, झोप उडालेली लोकांची. जुलै २०२५ पासून प्री-सेटल्डवाल्यांना सूट आहे, मागच्या ६० महिन्यांत एकूण ३० महिने यूकेत असलात तरी चालतं. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या हायकोर्टाने सांगितलं की पुन्हा अर्ज केला नाही म्हणून हक्क काढून घेता येणार नाहीत, म्हणून सप्टेंबर २०२३ पासून होम ऑफिस (यूकेचं गृहखातं) प्री-सेटल्डची मुदत आपोआप वाढवतं, आणि २०२५ पासून काहींना आपोआप सेटल्डही करतं.

पण त्या आपोआपच्या भरवशावर बसू नका असं माझं मत. ते टॅक्स आणि बेनिफिटच्या नोंदी बघतात. वेअरहाऊसमध्ये पगारावर असलेला नवरा त्यात दिसतो, घर आणि पोरं सांभाळणारी बायको दिसेलच असं नाही. तिने स्वतः अर्ज करावा, तिच्या नावाचं बँक स्टेटमेंट, काउन्सिल टॅक्सचं बिल, जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) पत्र जोडून. एक पी-सिक्स्टी (कंपनी देते तो वर्षभराच्या पगार-टॅक्सचा कागद) अख्खं वर्ष भरून काढतो, म्हणून तो कागद रद्दीत देऊ नका.

घाई कशासाठी, तर मुलांसाठी. आई किंवा बाबा सेटल्ड असताना इथे मूल झालं तर ते जन्मतः ब्रिटिश. दोघंही प्री-सेटल्डच असतील तर साधारणपणे तसं होत नाही, मग तीन महिन्यांत बाळाचा वेगळा अर्ज. मावसभावाच्या बायकोला मार्चची तारीख दिलीय, म्हणून सध्या आम्ही दोघं त्याचे पी-सिक्स्टी शोधतोय, दोन सापडले, एक बहुतेक पेडण्यालाच राहिलाय.