उन्हाळी सल्ला : शेततळ्यातील हिरवे शेवाळ ओळखूनच उपाय करावा

एप्रिल-मेमध्ये शेततळ्याची पातळी उतरते, पाणी तापते आणि खतामातीतून आलेले नत्र व स्फुरद थोड्या पाण्यात एकवटतात, त्यामुळे हिरवे शेवाळ झपाट्याने वाढते. ते दिसताच शेवाळ मारणारे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) टाकण्याची घाई करू नये. रोहू, कटला, मृगळ हे मासे सोडलेल्या तळ्यात क्लोरेलासारख्या एकपेशीय शेवाळाने आलेली फिकट हिरवी छटा हवीच असते, कारण त्यावर पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणी प्लवंग, जगतात आणि प्लवंगांवर कटला पोसतो.

दिवसा प्राणवायू सोडणारे हेच शेवाळ रात्री श्वसनासाठी तो वापरते, म्हणून दाट हिरव्या तळ्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. पाणी गढूळ नसताना हात बुडवून पाहावा. मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळ फाजील झाले असे समजावे. अशा वेळी शेणखत व खाद्य थांबवावे आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असल्यास पंपाने तळ्यातलेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात सोडावे.

स्पायरोगायरासारखे तंतुमय शेवाळ हाताला रेशमासारखे गुळगुळीत लागते. उन्हात त्याच्या गुंत्यात प्राणवायूचे बुडबुडे अडकून थर वर तरंगतो, म्हणून दुपारी दोर किंवा जाळे ओढून तो काठाशी आणणे सोपे जाते. मोरचुदाने हेच शेवाळ एकदम मेले, तर कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. शिवाय तांबे माशांना थेट विषारी असते, मृदू, म्हणजे कमी क्षारांच्या, पाण्यात तर अधिकच.

ठिबकसाठी पाणी उपसताना पंपाचे शोषण तोंड पृष्ठभागाच्या थराखाली, पण तळातील गाळाच्या वर ठेवावे. ठिबकच्या काळ्या नळ्यांमध्ये (लॅटरलमध्ये) उजेडाअभावी शेवाळ वाढत नाही, तरी आत गेलेल्या तुकड्यांवर जिवाणूंचा चिकट थर बसून थेंब सोडणारे ड्रिपर बंद पडतात. त्यासाठी वाळूचा फिल्टर पाणी उलट दिशेने सोडून नियमित धुवावा आणि लॅटरलची टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावे.

पाण्यात काठी फिरवल्यावर तिला तंतू न लागता हिरव्या-निळ्या रंगाची साय पसरलेली दिसली, तर ते बहुधा निळे-हिरवे शेवाळ, म्हणजे प्रत्यक्षात जिवाणू असतात. त्यांतील काही विष तयार करतात, म्हणून असे पाणी जनावरांना पाजू नये.

काढलेले तंतुमय शेवाळ बांधावर सोडल्यास वळवाच्या पावसाने त्यातील नत्र-स्फुरद पुन्हा तळ्यात उतरते. ते दूर नेऊन सुकवावे आणि पालापाचोळ्यासोबत कंपोस्टच्या खड्ड्यात घालावे.