ग्रीन रिव्हरवर कनू घेऊन चार दिवस चाललाय? मग या चुका टाळा

कुणालाही सांगा की आम्ही नदीत चार दिवस बोटीतून चाललोय, पहिला प्रश्न हाच येतो, रॅपिड्स, म्हणजे खडकांवरून उसळत जाणारं जोराचं पाणी, किती आहेत? अमेरिकेत युटा राज्यातल्या ग्रीन रिव्हरच्या लॅबिरिंथ कॅन्यनमध्ये रुबी रँच ते मिनरल बॉटम हे 45 मैल अंतर आहे आणि त्यात खरं रॅपिड म्हणावं असं एकही नाही. पाणी संथ, दोन्ही बाजूला लाल कडे, म्हणून लोक पुण्याहून खडकवासल्याला कणीस खायला निघाल्यासारखे निघतात आणि मग वाट लागते ती चिखलात, वाऱ्यात नाहीतर सुटून गेलेल्या बोटीच्या मागे. आम्ही सप्टेंबरअखेर गेलो होतो, पाच जण, दोन कनू (वल्ह्याच्या लांबट उघड्या होड्या) आणि एक कयाक (वरून झाकलेली अरुंद होडी), आणि खाली लिहिलेल्या बऱ्याचशा चुका आम्ही स्वतः मनापासून केलेल्या आहेत.

पाण्याचा आकडा न बघता तारीख ठरवणं

पावसाळ्यात आपल्याकडे बातम्यांत येतं ना, धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग, तोच आकडा इथे ग्रीन रिव्हर गावाजवळच्या सरकारी गेजवर (पाणी मोजायच्या यंत्रावर) ऑनलाइन दिसतो. वायोमिंग-कोलोरॅडोकडचा बर्फ वितळला की मे-जूनमध्ये चांगल्या वर्षी हा आकडा वीस हजारांच्या आसपास जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला दोन-तीन हजारांवर येतो. नदी तीच, पण ट्रिप पूर्ण वेगळी.

लोकांना वाटतं भरपूर पाणी म्हणजे भारी. वेग मिळतो हे खरं, पण तंबू ठोकायच्या वाळूच्या पट्ट्या सगळ्या पाण्याखाली असतात आणि काठावर टॅमरिस्क नावाच्या झुडपांची अशी दाट भिंत असते की बोट लावायलाच जागा मिळत नाही. मग बाजूच्या छोट्या कॅन्यनची तोंडं तेवढी उरतात, ती लांब लांब असतात आणि तिथे आधीच कुणीतरी तंबू ठोकून बसलेलं असतं. म्हणून जास्त पाण्यात "दमलो की थांबू" चालत नाही, मुक्काम आधी नकाशावर ठरवा आणि एक जास्तीचा हाताशी ठेवा. वर पूर ओसरताना डास, ते वेगळंच. जुलै-ऑगस्टला ऊन भाजून काढतं. आम्हाला विचाराल तर सप्टेंबरचा शेवट बेस्ट, फक्त मग पुढची चूक आहेच.

वळणावर शॉर्टकट मारणं

कमी पाण्यात हमखास होणारी गोष्ट. वळण दिसलं की आपण आतल्या बाजूने कापायला बघतो, रस्त्यावरची सवय. नदीत उलटं असतं, वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात असतं म्हणून तिथे खोली राहते आणि आतल्या बाजूला गाळ साठून वाळूचा बार, म्हणजे उथळ पट्टा, तयार होतो. पाणी चहासारखं, तेही दुधाच्या, त्यामुळे तळ दिसत नाहीच. बाहेरच्या बाजूने जा, आणि एक वळण संपून उलटं वळण सुरू होतं तिथे प्रवाह तिरका एका काठावरून दुसऱ्या काठाकडे जातो तेव्हा तुम्हीही त्याच्याबरोबर जा. पाण्यावर बारीक सुरकुत्या पसरलेल्या दिसल्या तर तिथे उथळ आहे असं समजायचं.

अडकलात तर पॅडल रोवून बोट ढकलत बसू नका, पॅडल मोडेल (एक जास्तीचं घ्याच). उतरा. वजन गेलं की बोट आपोआप तरंगते आणि मग दोरीला धरून खोल पाण्याकडे चालवत न्यायची. पण उतरायच्या आधी पॅडलने तळ चाचपून बघा कारण बारची कड एकदम संपते, गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल गळ्याएवढ्या पाण्यात. लाइफ जॅकेट अंगात पाहिजे ते याचसाठी, बोटीत उशी म्हणून नको. आणि बोटीच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जिकडे चाललाय त्या बाजूला उभं राहायचं नाही, पाणी भरलेली कनू अंगावर आली तर माणसाला सहज दाबून धरते.

चप्पल

काठाचा चिखल हा स्वतंत्र विषय आहे. वरून सुकून तडकलेला दिसतो, टाइल बसवल्यासारखा, आणि पाय टाकला की पोटरीपर्यंत आत. आमचा मेहुणा पहिल्याच दिवशी हातात बर्फाची पेटी घेऊन रुबाबात उतरला, डावा पाय गेला, तो काढायला उजव्यावर जोर दिला तर उजवाही गेला, मग पेटीवरच बसला आणि डावा पाय ओढून काढला तर पाय वर आला पण सँडल आतच. कोपरापर्यंत हात घालून शोधली, नाही मिळाली. उरलेले तीन दिवस साहेब एका पायात सँडल आणि एका पायात धावायचा बूट घालून. मागून घट्ट पट्टा असलेलंच घ्या किंवा जुने बूट घाला. पाय रुतला तर झटके देऊ नका, मागे टेकून वजन पसरवा आणि पाय हळूहळू हलवत आत पाणी शिरू द्या म्हणजे तो सुटतो.

"नदीच आहे की, पाणी गाळून पिऊ"

हे आम्ही पण म्हणालो होतो. महागडा पंपवाला फिल्टर घेतला आणि दुसऱ्याच लिटरला तो गच्च बसला कारण या पाण्यात गाळ प्रचंड. बाजूच्या कॅन्यनमधे पाणी मिळेलच असंही नाही. सरळ हिशेब करा, माणशी दिवसाला एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, चार दिवस पाच जण म्हणजे वीस गॅलन, सोबत घेऊनच निघा. कनूत वजन चालतं, उलट तळाशी मधोमध ठेवलं तर बोट स्थिरच राहते.

तरी भांडी धुवायला किंवा अडीअडचणीला नदीचं पाणी लागलंच तर आजीचा उपाय, तुरटी. गंमत म्हणजे इकडचे जुने नदीवाले पण हेच करतात. पाच गॅलनची बादली भरायची, चिमूटभर तुरटीची पूड टाकून ढवळायची आणि बादलीला हात न लावता ठेवून द्यायची. थोड्या वेळाने गाळाचे पुंजके धरून खाली बसायला लागतात, तासाभरात वरचं पाणी निवळतं आणि तळाला बोटभर चॉकलेटी साका दिसतो. वरचं अलगद ओतून घ्या. पण निवळलं म्हणजे प्यायचं झालं असं नाही, तुरटीने जंतू मरत नाहीत, प्यायचं असेल तर त्यानंतर फिल्टर करा किंवा उकळा. आमच्या फिल्टरने निवळलेलं पाणी मग निमूट गाळलं.

दुपारी वाऱ्याशी कुस्ती

प्रवाह खाली, वारा खालून वर, आणि कड्यांच्या मधून तो पाइपमधून फुंकल्यासारखा येतो. वसंतात तर जास्तच. हात थांबले की कनू उलटी मागे जाते, हे बघून आमच्या हिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मिनरल बॉटमच्या थोडं आधी हेल रोअरिंग कॅन्यनमध्ये डेनिस ज्युलियन नावाच्या फर ट्रॅपरने (कातड्यासाठी जनावरं पकडणाऱ्याने) 1836 साली कड्यावर नाव कोरलंय, शेजारी डोलकाठी असलेली बोट. त्यावरून लोक म्हणतात की तो शीड लावून याच वाऱ्यावर नदी उलटी चढला असावा. म्हणजे या नदीची मोहीम काढणारे जॉन वेस्ली पॉवेलसाहेब 1869 मध्ये इथून उतरले आणि लॅबिरिंथ हे नाव दिलं, त्याच्या तेहतीस वर्षं आधी. (तुम्ही मात्र कुठे काही कोरू नका.)

उपाय म्हटलं तर एकच, पहाटे उठा. पोहे-बिहे नंतर, सात वाजता पाण्यात, बारा-एकपर्यंत दहा-अकरा मैल उरकले की दुपार सावलीत लोळायला मोकळी. सामान कनूच्या कडांच्या वर रचू नका, ते वाऱ्याला शिडासारखं काम करतं आणि पुढचं टोक हलकं ठेवलं तर तेच वाऱ्याने फिरतं. जोराचा झोत आला की गुडघ्यावर बसा आणि काठ धरून चला. कयाकला वाऱ्याचा त्रास कमी होतो पण त्यात सामान मावत नाही, म्हणून एक कयाक आणि बाकी कनू हे कॉम्बिनेशन आम्हाला आवडलं.

बोट न बांधणं

आता लाज वाटते सांगायला. दुसऱ्या रात्री बोनॉट बेंड या वळणाजवळ मुक्काम होता, तिथे नदी सात मैलांचा वळसा घालून जवळपास त्याच जागी परत येते, खिंडीत चढून गेलात तर दोन्हीकडे तीच नदी दिसते. चढून आलो, थालीपीठं झाली, कनू झाडाला बांधल्या, कयाक तेवढी हलकी म्हणून वाळूवर ओढून ठेवली. वरच्या भागात कुठेतरी पाऊस पडला असणार, आम्हाला थेंबही नाही. पहाटे तंबूच्या बाहेरून आवाज, "दाजी, कयाक तुम्ही उचलून ठेवली का?"

पाणी रात्रीतून वीतभर चढलं होतं. मेहुणा मग बॅगांच्या ढिगावर राजासारखा बसून कनूतून आला आणि दीड-दोन मैलांवर टॅमरिस्कमध्ये अडकलेली कयाक सापडली, नशीब. तेव्हापासून नियम, प्रत्येक बोट पाण्यापासून लांब, उलटी करून, दोरी झाडाला किंवा खोल गाडलेल्या खुंटीला, पॅडल आणि जॅकेटंसुद्धा वर. झोपताना पाण्याच्या कडेला एक काडी रोवायची आणि रात्री उठलात की टॉर्च मारून बघायची.

याच कारणाने कोरड्या ओढ्यात तंबू लावायचा नाही. वाळू सपाट, सावली मस्त, मोह होतो. जुलै ते सप्टेंबर ढगफुटीचा सीझन, पाऊस दहा मैल लांब पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो.

संडासचा डबा

बंद होणारा पोर्टेबल टॉयलेट आणि शेकोटीसाठी लोखंडी फायर पॅन, दोन्ही सक्तीचं आहे, परमिटवर लिहिलेलं असतं. सगळं परत न्यायचं, राखसुद्धा. या डब्याला नदीवाले ग्रूव्हर म्हणतात कारण पूर्वी सीट नसायची, बंदुकीच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या पेटीवर बसायचे आणि मागे दोन वळ (इंग्रजीत ग्रूव्ह) उठायचे. चूक एकच होते, लघवीही त्यातच करतात आणि डबा दोन दिवसांत भरतो. इथे लघवी थेट नदीत करायची, ऐकायला कसंतरी वाटतं पण नियम तसाच आहे. खरकटं मात्र नदीत नाही, पाणी गाळून शितं कचऱ्याच्या पिशवीत.

उतरायची जागा चुकणं

फोनला रेंज नाही. नकाशावरचे मैल खाली कोलोरॅडो नदीशी होणाऱ्या संगमापासून मोजलेले असतात, म्हणजे आकडा उतरत जातो, रुबी रँच 97 आणि मिनरल बॉटम 52. आमच्यातल्या एकाने पहिला दिवसभर उलटा हिशेब लावला होता. मिनरल बॉटमचा धक्का प्रवाहाच्या दिशेने तोंड केलं की डाव्या हाताला आहे, नकाशावर 55 आला की डावा काठ सोडू नका. तो हुकला तर पुढे कॅन्यनलँड्स नॅशनल पार्क, वेगळं परमिट, आणि संगमाच्या खाली थोड्या मैलांवर कॅटॅरॅक्ट कॅन्यनचे खरेखुरे रॅपिड्स. न्यायला येणारी गाडी मातीच्या घाटातून उतरते, पाऊस झाला तर तो रस्ता बंदही असतो, म्हणून एक दिवसाचं जेवण-पाणी जास्त ठेवा आणि परतीचं विमान त्याच संध्याकाळचं काढू नका.