श्रीलंका: आधी पाऊस बघा, मग तिकीट काढा

महाबळेश्वर चिंब असताना माण-खटाव कोरडं, हे सातारकरांना सांगायला नको. श्रीलंकेतही मधल्या डोंगरांमुळे तसंच होतं. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस दक्षिण किनाऱ्यावरचं गॉल, मिरिस्सा झोडपतो; तेव्हा पूर्वेचं त्रिंकोमाली धरा. डिसेंबर ते फेब्रुवारी उलट. इथंच बहुतेकांचं गणित चुकतं: मेच्या सुट्टीत गॉलला खोली घेतात आणि खिडकीतून खवळलेला समुद्र बघत बसतात.

कोलंबो-कँडी जेमतेम ११५ किलोमीटर, पण वळणावळणांत तीन-चार तास जातात; दिवसाला एकच टप्पा ठेवा. नुवारा एलिया सुमारे १,८७० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरहूनही उंच. स्वेटर हवाच. देवळात खांदे-गुडघे झाकलेले असावेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात नको.