तारखेत १८:३० दिसलं की हात थांबवा

फॉर्ममध्ये जन्मतारीख भरली १५ मार्च १९९८, डेटाबेसात बसली १४ मार्च. कच्चा डेटा उघडलात तर १४ मार्च, १८:३०, शेवटी झेड, म्हणजे ही वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतली, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. हा १८:३० चा आकडा तोंडपाठ करून ठेवा. भारतात लिहिलेल्या कोडमध्ये नको तिथे १८:३० दिसलं, तर कुणीतरी तारखेचा क्षण करून ठेवलाय असं बेधडक समजा.

होतं असं. डेट पिकर १५ तारखेची मध्यरात्र पकडतो, पण ब्राउझरच्या स्थानिक वेळेत. आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. तारखेचा मजकूर बनवणारं जावास्क्रिप्टचं टू-आयएसओ-स्ट्रिंग नेहमी यूटीसीतच लिहितं. पुढे कुणीतरी त्या मजकुराची पहिली दहा अक्षरं कापून घेतं, आणि माणूस एक दिवस आधी जन्मतो.

उलट बाजूनेही तेच. नुसती '१९९८-०३-१५' ही तारीख जावास्क्रिप्टच्या डेटला दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. तिलाच झोन न लिहिता '००:००' जोडलं की स्थानिक. पहिल्या प्रकारात भारतात १५ तारखेचे पहाटेचे साडेपाच दिसतात, तारीख बरोबर येते, म्हणून टेस्टिंगमध्ये कुणाला काही खटकत नाही. तेच पान न्यू जर्सीत उघडलं की १४ मार्च, संध्याकाळचे ७.

जन्मतारीख, सुट्टीचा दिवस, बिलावरची तारीख यांना टाइम झोन नसतोच. कॉलम 'डेट' प्रकारचा ठेवा, एपीआयमधून दहा अक्षरांचा मजकूर पाठवा, जावात लोकलडेट आणि पायथनात डेट वापरा. वाटेत कुठेही जावास्क्रिप्टचं डेट ऑब्जेक्ट बनवू नका. एवढंच. खरंच एवढंच.

पण टीममध्ये कुणीतरी अनुभवी माणूस हमखास सांगतो, "साडेपाच तास मिळव, चालतंय." ऐकू नका. तो माणूस वाईट नसतो, घाईत असतो. आज एकाने सर्व्हरवर मिळवले, उद्या दुसऱ्याने स्क्रीनवर मिळवले, झाले अकरा तास. वर टेबलात जुन्या आणि 'दुरुस्त' ओळींची अशी सरमिसळ होते, की कुठली कुठली ते नंतर सांगता येत नाही. शिवाय १९४२ ते १९४५ या युद्धकाळात भारताचं घड्याळ यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतं. १० जून १९४३ ला जन्मलेल्या आजोबांची मध्यरात्र यूटीसीत १७:३० होते. तीत साडेपाच मिळवले तर ९ जून, रात्रीचे ११. जुगाड तिथेही फसला.

रोजच्या रिपोर्टात चूक आणखी चोरपावलांनी येते. यूटीसीतल्या वेळेवरून थेट दिवसाची बेरीज केली, की रात्री १२ ते पहाटे साडेपाचची विक्री आदल्या दिवसात जाते. १ एप्रिलच्या रात्री एकचं बिल मग मागच्या आर्थिक वर्षात. पोस्टग्रेस डेटाबेसात आधी 'ॲट टाइम झोन' लावून एशिया/कोलकाता द्या, मग तारीख काढा. हे टाइमस्टॅम्पटीझेड, म्हणजे नेमका क्षण ठेवणाऱ्या कॉलमसाठी. कॉलम बिनझोनचा असून आत यूटीसी असेल तर तेच दोनदा लागतं: आधी यूटीसी, मग कोलकाता. आणि झोनच्या नावाऐवजी '+०५:३०' असा मजकूर कधीच देऊ नका. तिथे चिन्ह पॉसिक्स या युनिक्सच्या मानकाप्रमाणे उलटं वाचलं जातं. १८:३० चे ००:०० व्हायचे ते १३:०० होतात, आणि एरर येत नाही. फक्त १५ ऑगस्टच्या ओळी निवडायच्या असतील तर यूटीसीत १४ च्या १८:३० पासून, १५ च्या १८:३० च्या आधीपर्यंत. हे १८:३० मात्र योग्य आहे, कारण इथे खरोखर क्षणच हवेत. शेवट २३:५९:५९ धरलात तर त्यानंतरचे मिलिसेकंद सांडतात.

'सगळं यूटीसीत ठेवा' हा सल्ला घडून गेलेल्या गोष्टींपुरता ठीक. लंडनच्या दर सोमवारी सकाळी ९ च्या मीटिंगला तो लावू नका: ती आपल्याकडे हिवाळ्यात २:३० ला, उन्हाळ्यात १:३० ला येते. स्थानिक वेळ आणि 'युरोप/लंडन' हे नाव, दोन्ही साठवा. 'आयएसटी' ही तीन अक्षरं साठवू नका. इस्रायल आणि आयर्लंडही तीच वापरतात. पायथनात पायटीझेड या लायब्ररीचा झोन थेट तारखेच्या टीझेडइन्फोला चिकटवला तर +०५:५३ असा विचित्र फरक येतो, ती कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ. ३.९ पासून पायथनातच झोनइन्फो आहे, तेच घ्या.

घाबरू नका, आपल्याकडे घड्याळ वर्षातून दोनदा सरकत नाही, निम्मी डोकेदुखी तिथेच वाचते. पण म्हणूनच ती निम्मी तुमच्या मशीनवर कधी दिसतही नाही. टीझेड, म्हणजे मशीनचा टाइम झोन, बदलून सगळ्या टेस्ट तीनदा चालवा: यूटीसी, एशिया/कोलकाता, अमेरिका/न्यूयॉर्क. शेवटच्या फेरीत ९ मार्च २०२५ चे पहाटेचे २:३० घाला, ती वेळ तिथे आलीच नाही; आणि २ नोव्हेंबर २०२५ चे रात्रीचे १:३०, ते दोनदा वाजले.