किडनी ट्रान्सप्लांटनंतर टॅक्रोलिमस: वेळ, लेव्हल आणि रिजेक्शन

नवी किडनी परकी आहे हे शरीर कधीच विसरत नाही. पेशींवरच्या एचएलए प्रथिनांवरून, म्हणजे माणसागणिक वेगळ्या असणाऱ्या ओळखखुणांवरून, प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तिला ओळखतात आणि हल्ला चढवतात. १९५४ मध्ये बॉस्टनला झालेलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होतं, म्हणूनच ते टिकलं. बाकी सगळ्यांना किडनी चालू आहे तोवर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. बहुतेकांच्या चिठ्ठीत तीन औषधं असतात: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. त्यांत सांभाळायला सगळ्यात अवघड टॅक्रोलिमस. रक्तातली लेव्हल (औषधाचं प्रमाण) कमी पडली तर रिजेक्शन होतं, म्हणजे शरीर किडनी नाकारून तिच्यावर हल्ला करतं, जास्त झाली तर हात थरथरतात, साखर वाढते आणि तेच औषध किडनीला इजा करतं.

साधी कॅप्सूल दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतराने घ्यायची. सकाळी ९ आणि रात्री ९ ही वेळ बहुतेकांना जमते. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्या, आणि रोज तोच नियम ठेवा. दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू औषध सोडणारी कॅप्सूल वेगळी असते, ती साधीच्या जागी परस्पर चालत नाही. कंपनी बदलली तरी लेव्हल हलू शकते. केमिस्टने 'तेच आहे' म्हणून दुसरी स्ट्रिप दिली तर आधी नेफ्रोलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) विचारा.

रक्त द्यायच्या दिवशी सगळ्यात जास्त घोटाळा होतो. तपासायची असते ती डोसआधीची, म्हणजे सर्वांत खालची लेव्हल. रात्री ९ ला गोळी घेतली असेल तर सकाळी ९ च्या सुमारास, गोळी न घेता रक्त द्या. कॅप्सूल खिशात न्या आणि सुई निघाल्यावर घ्या. सवयीने घरूनच गोळी घेऊन कुणी ११ वाजता रक्त दिलं, तर आकडा फुगून येतो. डॉक्टर तो खरा मानून डोस कमी करतात, आणि चांगली चाललेली किडनी धोक्यात येते. गोळी घेतली गेलीच, तर तसं स्पष्ट सांगून तपासणी दुसऱ्या दिवशी करा. ही तपासणी पूर्ण रक्तावर होते, म्हणून नमुना ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. पहिल्या महिन्यांत साधारण ८ ते १२ आणि पुढे ५ ते ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असं लक्ष्य अनेक ठिकाणी असतं, पण तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील.

डोस चुकला आणि दोन-तीन तासांत आठवला, तर घेऊन टाका. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दुप्पट कधीच घेऊ नका.

पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण बंद. ती आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतात आणि लेव्हल चढते. फ्लुकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन आणि डिल्टियाझेमही लेव्हल चढवतात. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही उलट लेव्हल पाडतात. म्हणून गावातल्या डॉक्टरांनी काहीही नवं लिहिलं, तर पहिला डोस घेण्याआधी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालतं. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे आणि चूर्णं तर मुळीच नकोत, इथे ती शक्ती आवरायचीच धडपड चालू आहे. जुलाब लागले तर लेव्हल घटेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती बऱ्याचदा वाढते. जुलाब दिवसभर टिकले तर रक्त तपासून घ्या.

मायकोफेनोलेट अँटासिडसोबत घेऊ नका, मॅग्नेशियम-ॲल्युमिनियममुळे ते नीट शोषलं जात नाही. गर्भाला ते घातक आहे, त्यामुळे मूल हवं असेल तर किमान सहा आठवडे आधी डॉक्टरांकडून औषध बदलून घ्या.

रिजेक्शन बहुतेक वेळा गुपचूप येतं. लघवी कमी होणं, वजन झपाट्याने वाढणं, बीपी चढणं, किडनीच्या जागी दुखणं हे सगळं उशिरा दिसतं. आधी क्रिएटिनिन बोलतं, म्हणजे किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढणारा टाकाऊ घटक. तुमचा नेहमीचा आकडा १.२ असेल आणि तो १.५ वर गेला, तर 'नॉर्मलच्या जवळ आहे' म्हणून थांबू नका, त्याच दिवशी कळवा. सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून बायोप्सी केल्यावरच ते रिजेक्शन आहे, संसर्ग आहे की औषधाचा विषारी परिणाम हे कळतं. टी-पेशींचं रिजेक्शन असेल तर सहसा तीन दिवस शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन देतात, आणि वेळेत धरलं तर बहुतेकदा क्रिएटिनिन खाली येतं.