लीज संपलेलं घर घेताना: माझा अनुभव

नागपुरात घर बघताना मी आधी आखीव पत्रिका, म्हणजे सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, मागतो. सिव्हिल लाइन्ससारख्या भागात बऱ्याच जमिनी नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, आहेत. नागपूर सुधार प्रन्यास या शहर विकास संस्थेचे भूखंडही साधारण 30 वर्षांच्या लीजवर दिलेले असतात. घर विकणाऱ्याचं, जमीन मात्र पट्ट्याची.

आम्हाला पसंत पडलेल्या घराच्या पत्रिकेत धारणाधिकाराच्या, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली आहे त्या, रकान्यात भाडेपट्टा (लीज) होता. मूळ लीज डीड उघडलं तर मुदत केव्हाच उलटलेली. मालक म्हणाले, "सगळे असेच विकतात, साहेब." मी म्हटलं, "काकाजी, मुदत संपली तर तुम्ही मला विकणार काय? बँक तरी कर्ज देईल का? आधी नूतनीकरण करून घ्या न."

वकिलांनी मार्ग काढला. इसारपत्रात अट घातली: थकीत भूभाडं मालकांनी भरायचं, नूतनीकरणाचं डीड नोंदवायचं, हस्तांतरणाची परवानगी आणायची; मगच उरलेली रक्कम. एक वर्षाहून जास्त मुदतीचा पट्टा 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नोंदणीकृतच लागतो, नुसत्या पावत्यांवर भागत नाही.

डीडमधल्या अटी मी ओळ न् ओळ वाचल्या. वापर फक्त राहण्यासाठी होता आणि खाली दुकान काढलेलं! अटभंग पुढे आपल्याच गळ्यात येतो, म्हणून ते बंद करवूनच पुढे गेलो. नूतनीकरणाला बराच वेळ लागला, पण खरेदीखत झाल्यावर आखीव पत्रिकेवर नामांतरही लगेच टाकलं. नवी मुदत संपण्याची तारीख आता मुलांनाही सांगून ठेवली आहे.